ठणक्याचा निरोप
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या वर्धापनदिनी चार शब्द बोलायला तुम्ही मला बोलावलेत, हा तुमचा लोभ. चिटणीसबाई निमंत्रण घेऊन आल्या तेव्हा त्यांनी विषयाचे बंधन घातले नाही. "जन्मभर जे शिकवलेत त्यातलेच काही सांगा, पण आम्हांला कळेल असे सांगा," एवढेच म्हणाल्या. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा कठीण आहे. तरी प्रयत्न करते.

मी औषधशास्त्राची शिक्षिका. औषधशास्त्र म्हणजे औषधांचे दुकान नव्हे. मी हा विषय घेतला तेव्हा आमच्या घरातही तोच समज झाला होता आणि दुकानाला जागा कुठे पाहायची याची चर्चाही सुरू झाली होती! औषध शरीरात गेल्यावर तेथे नेमके काय करते, ते शोधणारे हे शास्त्र. आज या शास्त्रातल्या एका संशोधकाची हकीकत सांगणार आहे. त्यांचे नाव जॉन व्हेन. ते इंग्लंडचे. आपला त्यांचा काय संबंध, असे वाटेल. पण या सभागृहात बसलेल्या बहुतेक जणींच्या पर्समध्ये किंवा घरच्या फडताळात त्यांच्या शोधाचा विषय पडलेला आहे. मी दुखणे थांबवणाऱ्या गोळीबद्दल बोलते आहे.

प्रथम दुखणे म्हणजे काय ते पाहू. विळीवर बोट कापले, गांधीलमाशी चावली, गळू धरले, तर त्या जागी चार गोष्टी होतात. ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हीच चार लक्षणे लिहून ठेवली आहेत. याला आपण दाह म्हणतो. दाह हा मुळात शत्रू नव्हे. ती शरीराची संरक्षणाची व्यवस्था आहे. जखमेकडे जास्त रक्त आणायचे, पांढऱ्या पेशींना बोलावून घ्यायचे, आणि ठणका लावून आपल्याला सांगायचे की बाई, या बोटाला जरा विसावा दे.

पण ही बोलावणी कोण करते? शरीर त्या जागीच काही रसायने तयार करते. ती गरजेपुरतीच बनतात, काम करतात आणि काही क्षणांत किंवा मिनिटांत नाहीशी होतात. हिस्टामीन हे त्यांतले एक. अंगावर गांधी उठतात ती त्याचीच करणी. या रसायनांना मी आज सोप्या भाषेत निरोपे म्हणणार आहे. व्हेनसाहेबांचे सारे आयुष्य या निरोप्यांच्या मागावर गेले.

त्यांचा जन्म १९२७ सालचा. बाराव्या वर्षी नाताळात आईवडिलांनी त्यांना रसायनांच्या प्रयोगांची पेटी दिली. मुलाने आईच्या गॅसच्या शेगडीवर प्रयोग सुरू केले. एके दिवशी लहानसा स्फोट झाला आणि नुकत्याच रंगवलेल्या स्वयंपाकघराच्या भिंतींचा रंगच बदलून गेला. आपल्याकडे असे झाले असते तर पेटी माळ्यावर गेली असती आणि मुलाला चार धपाटे मिळाले असते. त्यांच्या वडिलांचा लाकडी खोल्या तयार करण्याचा व्यवसाय होता. त्यांनी बागेत एक खोली उभी करून दिली, आत टेबल, गॅस आणि पाणी. व्हेन यांनी ही आपली पहिली खरी प्रयोगशाळा म्हणून नोंदवली आहे. घरातल्या उपद्व्यापी मुलामुलींसाठी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे ते बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, पण तेथे मन रमेना. पुढे काय करायचे आहे, असे प्राध्यापकांनी विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले की रसायनशास्त्र सोडून काहीही. त्याच सुमारास ऑक्सफर्डहून हॅरोल्ड बर्न यांचे पत्र आले होते की औषधशास्त्र शिकायला एखादा तरुण रसायनज्ञ पाठवा. व्हेन लगेच तयार झाले, आणि मग औषधशास्त्र म्हणजे काय ते पाहायला ग्रंथालयात गेले! म्हणजे आमच्या घरच्या मंडळींना लाजण्याचे कारण नाही.

बर्न यांनी त्यांना जी विद्या शिकवली तीच १९७८ साली मुंबईत शिकताना माझ्या हाती आली, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते. प्राण्याच्या आतड्याचा लहानसा तुकडा कोमट मिठाच्या पाण्यात टांगायचा आणि त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडत राहायचे. तो तुकडा काही तास जिवंत राहतो. एका टोकाला दोरा, दोऱ्याला हलकी काडी, आणि काडीचे टोक एका सावकाश फिरणाऱ्या ढोलाला टेकलेले. ढोलावर गुळगुळीत कागद गुंडाळून त्यावर काजळी धरलेली असे. पाण्यात औषधाचा थेंब टाकला की तुकडा आकसतो, काडी हलते आणि काजळीवर पांढरी रेघ उमटते. मग तो कागद लाखेच्या पाण्यातून काढून वाळत घालायचा. आम्ही मुली संध्याकाळी घरी जात असू तेव्हा नखांत, कपाळावर, साडीच्या काठाला काजळी. बसमध्ये लोक पाहत असत.

या साध्या साधनाची ताकद मोठी आहे. एखाद्या घरी स्वयंपाकाची चव पाहायला चार जणी असतात. एकीला मीठ बरोबर कळते, दुसरीला आंबट, तिसरीला तिखट. चौघींनी मिळून सांगितले की आमटीत काय पडले आहे ते समजते. शरीरातल्या पट्ट्यांचेही तसेच आहे. एका पट्टीला हिस्टामीन कळते, दुसरीला दुसरे काही. व्हेन १९५५ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये आले. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी अशा अनेक पट्ट्या एकाखाली एक टांगल्या आणि त्यांवरून रक्त किंवा अवयवातून आलेला द्रव सतत वाहू दिला. फोडणीचा वास दरवळतो तोवरच घ्यायचा असतो, डबीत भरून उद्या दाखवता येत नाही. निरोप्यांचेही तसेच. रसायनज्ञ ते बाटलीत भरीपर्यंत ते नाहीसे होत. वाहत्या पट्ट्यांनी त्यांना जागच्या जागी पकडले.

त्यांच्या प्रयोगशाळेत देशोदेशीची माणसे येत. ब्राझीलहून सेर्जिओ फरेरा आले ते तिकडच्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषातला अर्क घेऊन. तेथेच काम करणारे वाय. एस. बाखले यांनी तो तपासला. हे आडनाव आपल्या कानाला ओळखीचे वाटेल. रक्तदाब चढवणारे एक द्रव्य शरीरात ज्या विकरामुळे तयार होते, त्या विकराला हा अर्क अडवतो असे दिसले. या वाटेने पुढे कॅप्टोप्रिल हे औषध निघाले. आज तुमच्यापैकी कोणी एनालप्रिल किंवा रामिप्रिल घेत असेल, तर ती त्याच घराण्यातली औषधे आहेत.

आता मुख्य गोष्टीकडे येते. व्हेन यांच्याबरोबर प्रिसिला पायपर नावाच्या संशोधिका काम करीत होत्या. त्यांनी गिनीपिगची फुप्फुसे घेतली. त्या प्राण्यांना आधीच अंड्याच्या पांढऱ्यातील प्रथिनाची ॲलर्जी आणवलेली होती. ते प्रथिन पुन्हा दिले की फुप्फुसांत दम्यासारखा झटका येई आणि निरोप्यांचा लोंढा बाहेर पडे. तो पट्ट्यांवरून वाहिला तेव्हा सशाच्या महारोहिणीची पट्टी जोराने आकसली. कोणत्याही माहीत असलेल्या निरोप्याने ते स्पष्ट होत नव्हते. हा कोणी नवाच होता, आणि काही मिनिटांतच नाहीसा होत होता. अधिक नवल पुढे आहे. ॲस्पिरीन आधी दिले तर हा नवा निरोप्या बाहेरच पडत नसे. १९६९ साली पायपर आणि व्हेन यांनी हे प्रसिद्ध केले.

ॲस्पिरीनची कथा जुनी आहे. १७६३ साली एडवर्ड स्टोन या पाद्र्याने विलो झाडाची कडू साल वाळवून, कुटून सुमारे पन्नास तापकऱ्यांना दिली आणि गुण आल्याचे रॉयल सोसायटीला कळवले. १८९७ साली जर्मनीत फेलिक्स हॉफमन यांनी ॲस्पिरीन शुद्ध रूपात तयार केले आणि १८९९ पासून ते विकले जाऊ लागले. साऱ्या जगाने ते खाल्ले. ताप उतरे, डोके थांबे, सांधे हलके होत. पण हे कसे घडते ते सत्तर वर्षे कोणालाच माहीत नव्हते. आजीबाईच्या बटव्यातल्या औषधासारखेच ते चालले होते: गुण येतो ना, मग झाले!

१९७१ साली एका शनिवार-रविवारी व्हेन एक लेख लिहीत बसले होते. लिहिता लिहिता त्यांच्या मनात आले, ॲस्पिरीन निरोप्याला दारात अडवत नसेल, तो तयारच होऊ देत नसेल तर? आपल्या पेशींच्या आवरणात एक स्निग्ध आम्ल असते. गरज पडली की एक विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाचे निरोपे बनवते. हे नाव १९३५ साली स्वीडनच्या फॉन ऑयलर यांनी दिलेले. सोमवारी व्हेन यांनी फुप्फुसांचा अर्क घेतला, त्यात ते आम्ल घातले, आणि ॲस्पिरीन टाकून व न टाकून किती प्रोस्टाग्लँडिन बनते ते पट्ट्यांवर मोजले. ॲस्पिरीन जितके जास्त, तितके प्रोस्टाग्लँडिन कमी. अफूपासून निघणारे मॉर्फीनही वेदना थांबवते, पण त्याचा येथे काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे दोन्ही औषधे दुखणे थांबवतात, तरी त्यांचे मार्ग निराळे. त्याच वर्षी जूनमध्ये हा शोध छापून आला. १९८२ साली व्हेन यांना स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासह वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या विभागात त्या दिवशी पेढे वाटले होते, जणू घरच्याच कोणाला मिळाले!

हा शोध बायकांच्या एका जुन्या दुखण्याला येऊन भिडतो, म्हणून संकोच न करता सांगते. पाळीच्या दिवसांत पोटात येणाऱ्या पेटक्यांना किती पिढ्या "नाजूकपणाचे सोंग" म्हटले गेले! इंग्लंडमधल्या पिकल्स नावाच्या संशोधकांनी १९५७ साली दाखवले की पाळीच्या स्रावात स्नायूंना आकसायला लावणारे द्रव्य असते. ते निरोपे पुढे प्रोस्टाग्लँडिनच ठरले. ज्या स्त्रियांना असे पेटके येतात त्यांच्यात ते अधिक बनतात आणि गर्भाशय कळा येतील इतके आकसते. म्हणूनच ॲस्पिरीनच्या घराण्यातली औषधे तेथे गुण देतात. ज्या मुलीला तुम्ही "सगळ्यांनाच होते, ऊठ" म्हणता, तिचे दुखणे काजळीच्या कागदावर रेघ काढून दाखवता येण्याइतके खरे आहे.

मात्र याच शोधाची दुसरी बाजू आहे, आणि तीच सांगायला मी मुख्यतः उभी आहे. प्रोस्टाग्लँडिन हे केवळ दुखण्याचे निरोपे नाहीत. जठरात तेच आतल्या अस्तराला आम्लापासून सांभाळतात. मूत्रपिंडाला रक्त कमी पडू लागले की तेच रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात. गोळी पोटात गेल्यावर ती फक्त गुडघ्याकडे जात नाही. ती रक्तातून सगळीकडे जाते आणि सगळीकडचे निरोपे बंद करते. गुडघा शांत होतो, पण जठराचा पहारेकरीही गप्प बसतो.

व्हेन यांनी ही बाजूही पुढे नेली. १९७३ साली ते वेलकम या औषधसंस्थेत गेले. १९७६ साली तेथे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरात बनणारा आणखी एक निरोप्या सापडला. तो रक्त गोठू देत नाही. त्याच्या उलट, रक्तातल्या बिंबिकांतून निघणारा निरोप्या रक्त गोठवतो. पायपरबाईंच्या पट्टीला आकसवणारा तो नवखा पाहुणा मुख्यतः हाच, असे सॅम्युएलसन यांच्या प्रयोगशाळेने १९७५ साली दाखवले. ॲस्पिरीनच्या अगदी थोड्या मात्रेने बिंबिकांचा हा निरोप्या बंद पडतो, आणि बिंबिकेला केंद्रक नसल्यामुळे ती नवे विकर बनवू शकत नाही. म्हणून हृदयविकाराच्या रोग्याला डॉक्टर छोटी गोळी देतात, आणि म्हणूनच दाताच्या किंवा इतर शस्त्रक्रियेपूर्वी आपण ती घेतो हे आवर्जून सांगायचे असते. ती आपल्या मनाने सुरू करायची नाही आणि आपल्या मनाने बंदही करायची नाही.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंची गोष्ट सांगते. गुडघे दुखत म्हणून त्यांनी दुसऱ्या एकीची गोळी घेऊन पाहिली. आराम पडला. मग चिठ्ठीशिवाय दुकानातून पट्टीच्या पट्टी आणू लागल्या. सकाळी एक, रात्री एक, असे दीड वर्ष. पोटात दुखल्याची तक्रार नव्हती, कारण गोळी तेही दुखणे झाकत होती. एके दिवशी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शौचाला डांबरासारखे काळे होत होते, ते त्यांनी लोहाच्या गोळीवर ढकलले होते. जठरातल्या व्रणातून रक्त जात होते. रुग्णालयात रक्त चढवावे लागले, तेव्हा कोठे जीव वाचला. बऱ्या होऊन आल्यावर मला म्हणाल्या, "अहो, दुखायचे थांबले, म्हणून मला वाटले बरे झाले." हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक वर्गाला सांगत आले. दुखणे थांबणे आणि बरे होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. निरोप्याला गप्प केले म्हणून निरोप खोटा ठरत नाही.

मूत्रपिंडाचे उदाहरण तर आकाशातून आले. १९९० नंतर आपल्या देशातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे ९५ टक्क्यांहूनही अधिक घटली. २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण कळले. आजारी गुरांना डायक्लोफिनॅक देत, ते जनावर मेले की गिधाडे ते खात, आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. पण मधुमेह असलेल्यांनी, वृद्धांनी, रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी याच घराण्यातली औषधे स्वतःच्या मनाने घेणे खचित धोक्याचे आहे.

जठराला त्रास न देणारी गोळी काढावी असाही प्रयत्न झाला. १९९१ च्या सुमारास कळले की हे विकर दोन प्रकारचे आहे. एक बहुतांशी रोजच्या राखणीचे आणि दुसरे मुख्यतः दाहाच्या वेळी वाढणारे. फक्त दुसऱ्याला अडवणारी औषधे आली आणि जगाने त्यांचे मोठे स्वागत केले. पण त्यांतल्या रोफेकॉक्सिब या औषधाने हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसून आले आणि २००४ साली ते बाजारातून काढून घ्यावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हेन निवर्तले. शरीरात कोणताच निरोप्या एकाच घरचे काम करीत नाही, हा धडा त्यातून राहिला.

भगिनींनो, गोळीला भिऊन वेदना सोसत बसा असे मी मुळीच म्हणत नाही. सोसण्याचे कौतुक आपल्याकडे नको तितके झाले आहे. गोळी घ्या, पण विचारून आणि ठरावीक दिवस. उपाशीपोटी घेऊ नका. आपली पट्टी शेजारणीला देऊ नका. साखर, विरजण अवश्य द्या! डेंग्यूची शंका असलेल्या तापात ॲस्पिरीन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटॅमॉलही सांगितलेल्या मात्रेतच घ्या. लहान मुलांच्या तापाला ॲस्पिरीन देऊ नका. गरोदर सुनेला किंवा लेकीला डॉक्टरांना विचारल्यावाचून यातले काही देऊ नका. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरीनने दमा उसळतो हेही ध्यानात ठेवा. दम्यातल्या अशाच निरोप्यांचे स्वरूप उलगडण्यात १९८० साली पायपरबाईंचा वाटा होता, आणि आज मुलांना दिले जाणारे माँटेल्युकास्ट हे औषध त्याच निरोप्यांना अडवते.

मंडळाने मनावर घेतले तर एक काम करता येईल. वर्षातून एकदा प्रत्येकीने आपल्या घरातली सगळी औषधे पिशवीत घालून येथे आणावी आणि एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलावून ती दाखवावी. काय चालू आहे, काय दुहेरी होते आहे, काय फेकायचे आहे, हे एका दुपारात कळेल. हळदीकुंकवाच्या दिवशीही हे होऊ शकेल. वाणाला खर्च नाही!

शरीर आपल्याशी बोलत असते. त्याचा निरोप कोण आणतो, हे शोधण्यात काही माणसांनी आयुष्ये वेचली. निदान तो ऐकून घेण्याइतका वेळ आपण स्वतःसाठी काढावा, एवढीच विनंती.